"सर, माझी स्टाईलच अशी आहे": टेक्निक आणि स्टाईलचा घोळ, जरा सोपा करून

मार्शल आर्ट्सच्या कुठल्याही क्लासमध्ये हा संवाद कधी ना कधी होतोच. कोच ओरडतो हात वर ठेव, हनुवटी खाली घे, आणि पोरगं म्हणतं "सर, माझी स्टाईलच अशी आहे." मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते बेसिक म्हणजे बेसिक, पुस्तकात आहे तस्संच झालं पाहिजे, आणि दुसरी म्हणते बॉक्सर मुहम्मद अली बघा, हात कमरेपाशी ठेवून वर्ल्ड चॅम्पियन झाला, कसलं बेसिक घेऊन बसलात. दोन्ही पार्ट्या वर्षानुवर्षं भांडतायत आणि माझ्या मते दोघांचीही निम्मी गोष्ट बरोबर आहे, फक्त दोघं टेक्निक म्हणताना वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, त्यामुळे भांडण मिटत नाही.

तर आधी ते वेगळं करू. सगळ्यात खाली असतं तत्त्व, म्हणजे शरीराचं आणि जमिनीचं गणित. समोरच्याचा तोल गेल्याशिवाय तो पडत नाही, वजन पायातून न येता नुसत्या हातातून आलं तर पंच (म्हणजे ठोसा) लागतो पण दुखत नाही, डोकं जिथे दिसतं तिथेच राहिलं तर मार बसतो. हे कोणालाच चुकत नाही, चॅम्पियनलाही नाही. त्याच्यावर येतं टेक्निक, म्हणजे ते तत्त्व वापरायची लोकांनी तासून तासून काढलेली रीत. ज्युदोतला खांद्यावरून फेकायचा डाव घ्या, त्यात समोरच्याला आधी पुढे ओढून पंजांवर आणायचं, मग आपण वळून त्याच्याखाली शिरायचं, गुडघे वाकवायचे, पाठ चिकटवायची, हे सगळं ठरलेलं आहे कारण साधारण उंचीच्या, साधारण ताकदीच्या माणसाला असं केलं की जमतं. 'साधारण' हा शब्द इथे लक्षात ठेवा. टेक्निक हे सरासरी शरीरासाठी काढलेलं उत्तर आहे, आणि सरासरी शरीर कोणाचंच नसतं. कोणाचे पाय लांब, कोणाचा खांदा कडक, कोणी घाबरट, कोणी नुसता आगाऊ. ते उत्तर या खऱ्या माणसातून बाहेर पडताना जे थोडं वाकडं होतं, ती स्टाईल.

म्हणजे स्टाईल वेगळी शिकायची किंवा वरून लावायची गोष्ट नाहीच. पण मग वाकडं झालेलं सगळंच स्टाईल का? नाही ना, त्यातलं बरंचसं नुसतं चुकीचं असतं. फरक कसा ओळखायचा, तर मी याच्याकडे उधारीसारखं बघतो. पुस्तकातला प्रत्येक नियम कुठलातरी धोका झाकण्यासाठी असतो, तुम्ही तो मोडलात की तो धोका तुमच्या नावावर उधार चढतो. ती उधारी तुम्ही कशानी फेडणार हे तुम्हाला माहीत असेल आणि खरंच फेडता येत असेल तर ती स्टाईल, नाहीतर ती चूक आहे आणि वसुली कोणीतरी येऊन करणारच.

मुहम्मद अलीवर हे लावून बघा. हात खाली ठेवणं म्हणजे चेहरा उघडा टाकणं, आणि पंच आला की सरळ मागे झुकणं तर कुठलाही बॉक्सिंग कोच पहिल्याच आठवड्यात बंद करतो, कारण मागे झुकलेला माणूस दुसऱ्या पंचाला हलू शकत नाही. अली हे दोन्ही करायचा आणि फेडायचा पायांनी. हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातला, असून तो हलक्या वजनाच्या बॉक्सरसारखा सतत फिरत राहायचा, त्यामुळे दुसरा पंच यायच्या आत तो तिथे नसायचाच, आणि वर त्याचं अंतराचं माप इतकं अचूक होतं की पंच नाकासमोरून दोन बोटांवरून जायचा. 1964 मध्ये त्यानी सनी लिस्टनला हरवलं तेव्हा हा हिशोब अगदी चोख बसत होता. मग 1967 ला सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे त्याचं लायसन्स गेलं आणि साडेतीन वर्षं तो रिंगबाहेर राहिला, ऐन उमेदीची वर्षं. परत आला तेव्हा डोकं तेच होतं, सवयी त्याच होत्या, पण पाय ते नव्हते. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरबरोबर फाइट झाली. फ्रेझरच्या कोपऱ्यातल्या एडी फच या ट्रेनरनी हेरून ठेवलं होतं की अली उजव्या हाताचा अपरकट (खालून वर जाणारा पंच) मारायला जातो तेव्हा तो हात आधी खाली आणतो, म्हणजे तेवढा क्षण उजवा गाल उघडा, आणि नेमका फ्रेझरचा डावा हुक (कोपर वाकवून बाजूनी मारलेला पंच) तिथेच येऊन बसतो. पंधराव्या राउंडला तो हुक बसला आणि अली पाठीवर पडला. उठला हो लगेच, पण फाइट हरला, प्रोफेशनल बॉक्सिंगमधला त्याचा पहिला पराभव.

पण मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. 1974 मध्ये किन्शासाला जॉर्ज फोरमनसमोर तो उभा राहिला तेव्हा तो 32 वर्षांचा आणि फोरमन 25 चा, आणि अलीनी नाचत राहायचा हट्ट सोडला. पहिल्या राउंडला त्यानी मागच्या उजव्या हातानीच थेट पहिला पंच (लीड) मारायला सुरुवात केली, जे सहसा कोणी करत नाही कारण मागचा हात लांबून येतो आणि समोरच्याला दिसतो, पण फोरमनला ते अपेक्षितच नव्हतं. आणि दुसऱ्या राउंडपासून दोरांना टेकून, हात वर (हो, वर!) घेऊन, फोरमनला मारू देऊन देऊन दमवलं आणि आठव्या राउंडला पाडलं. जो माणूस 'हात खाली' या स्टाईलसाठी जगभर ओळखला जातो त्याला गरज पडली तेव्हा हात वर ठेवून घट्ट गार्ड करता येत होता. हे अलीचं उदाहरण देणारी मंडळी सोयीस्कररीत्या विसरतात.

आता त्याच फ्रेझरकडे बघू. लहानपणी डुकरानी पाठलाग केला म्हणून पळताना पडला आणि डावा हात मोडला, तो नीट जोडलाच गेला नाही, त्यामुळे आयुष्यभर तो हात पूर्ण सरळ व्हायचा नाही, हे त्यानी स्वतःच सांगितलंय. सरळ न होणाऱ्या हातानी लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) कसा मारणार? पण हुकला हात वाकलेलाच लागतो. हेवीवेटमध्ये तो बुटका, म्हणून खाली वाकून, डोलत डोलत समोरच्याच्या छातीशी जाऊन भिडायचं आणि तिथून डावा हुक. बाकीच्यांना जो हुक मुद्दाम घोटावा लागतो तो याच्या हाडातच बसला होता. किकबॉक्सर बिल वॉलेसचंही तसंच. ज्युदो करताना उजवा गुडघा गेला, तर त्यानी सगळं किकबॉक्सिंग डाव्या पायावर केलं आणि 1980 मध्ये निवृत्त झाला तेव्हा फुल कॉन्टॅक्टमध्ये एकही फाइट हरलेला नव्हता. समोरच्याला पक्कं माहीत असायचं की किक डाव्या पायानीच येणार. तरी लागायची, कारण साइड किक, राउंडहाउस आणि हुक किक या तिन्हींसाठी तो गुडघा एकाच जागी, एकाच पद्धतीनी वर उचलायचा आणि तिथून पुढे कुठली किक निघणार ते शेवटच्या क्षणापर्यंत कळायचंच नाही. पाय एकच, पण एकाच पायात तीन शक्यता. आणि हे बघून कोणी चांगले दोन्ही पाय असताना फक्त डाव्यानीच मारायला लागला तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

इथे थोडं सायन्स, कंटाळू नका. 1920 च्या दशकात मॉस्कोच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ लेबरमध्ये निकोलाय बर्नस्टाइन नावाचा संशोधक छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचा अभ्यास करत होता. अंगावर छोटे दिवे लावून त्यांच्या हालचालीचे फोटो काढायचा. त्याला दिसलं की मुरलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी जवळपास त्याच ठिकाणी पडतो, पण खांदा, कोपर, मनगट मात्र दर वेळी थोडे वेगळे हलतात. म्हणजे डोक्यात एकच पक्की हालचाल रेकॉर्ड केलीये आणि तीच वाजतीये असं नाहीये, शरीर दर वेळी तोच प्रश्न नव्यानी सोडवतं आणि सांधे एकमेकांची चूक सांभाळून घेतात. सराव म्हणजे तेच उत्तर पुन्हा पुन्हा देणं नसून उत्तर शोधायची क्रिया पुन्हा पुन्हा करणं आहे, असं त्याचं म्हणणं.

हे कळलं की क्लासमधल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. हवेत हजार वेळा सुंदर पंच मारणारा मुलगा स्पारिंगमध्ये, म्हणजे समोर माणूस घेऊन केलेल्या सरावाच्या लढतीत, दगड का होतो? कारण हवेनी त्याला कधी प्रश्नच विचारला नाही. समोरचा हलतो, ढकलतो, उंच असतो, डावखुरा असतो, आणि पंच दर वेळी वेगळ्या जागेहून काढावा लागतो. 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू करणाऱ्या जिगोरो कानोनी जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार मोकळ्या सरावातून बाजूला काढले, लोकांना वाटतं त्यानी कला सौम्य केली, पण त्यामुळे झालं काय की राहिलेले डाव पूर्ण जोरानी, विरोध करणाऱ्या माणसावर रोजच्या रोज करून बघता यायला लागले. या मोकळ्या झटापटीला ज्युदोत रांदोरी म्हणतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की स्टाईल जन्माला येते ती इथेच. आरशासमोर फार तर पोझ जन्माला येते. ज्युदोच्या गोक्योमध्ये, म्हणजे फेकींच्या ठरलेल्या यादीत, पाच गटांत 40 फेकी आहेत, शिकतात सगळ्या, पण रांदोरीत काही वर्षं घालवली की प्रत्येकाच्या हाताशी दोन-तीनच राहतात, त्याला तोकुई-वाझा, म्हणजे हुकमी डाव, म्हणतात, आणि त्या दोन-तीन कुठल्या हे तुम्ही ठरवत नाही, तुमची उंची आणि तुम्ही खाल्लेला मार ठरवतो.

एकच कोच, एकच टेक्निक आणि तीन वेगळी माणसं बघायची असतील तर बॉक्सिंग ट्रेनर कस डी'अमाटोचे बॉक्सर बघा. दोन्ही ग्लोव्ह गालांना चिकटवून, डोकं सतत हलवत आत शिरायचं ही त्याची पीक-अ-बू पद्धत. फ्लॉइड पॅटरसन 1956 मध्ये 21 व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन झाला तो याच पद्धतीनी, पण तो लांबून अक्षरशः उडी मारून डावा हुक मारायचा. होजे टोरेस 1965 ला लाइट हेवीवेट चॅम्पियन, त्याचं सगळं काम हातांच्या वेगावर आणि एकामागून एक सुटणाऱ्या पंचांवर. आणि माइक टायसन, 1986 ला 20 व्या वर्षी चॅम्पियन, तो उडीबिडी मारत बसत नसे, डोकं हलवत सरळ छातीखाली घुसायचा आणि बरगडीत एक, हनुवटीला एक. गार्ड तोच, तीन माणसं तीन प्रकारे लढली. टायसनचं पुढे काय झालं तेही बघा. डी'अमाटो 1985 मध्येच वारला होता, 1988 ला ट्रेनर केव्हिन रूनीलाही टायसननी काढलं, त्यानंतर हळूहळू ते डोकं हलवणं कमी झालं, एकामागून एक पंचांऐवजी एकाच मोठ्या पंचावर भिस्त वाढली, आणि फेब्रुवारी 1990 ला टोकियोत बस्टर डग्लसनी त्याला पाडलं. बाहेरच्या आयुष्यातले गोंधळ होतेच, नाही असं नाही. पण लोक ज्याला टायसनची स्टाईल म्हणायचे त्या धडकी भरवणाऱ्या हल्ल्याच्या खाली जे कंटाळवाणं टेक्निक होतं ते सुटलं आणि मग तो हल्ला झेपेना.

आणखी एक गंमत म्हणजे आज ज्याला आपण टेक्निक म्हणतो ते कधीतरी कोणाची तरी स्टाईलच होती. 1951 मध्ये ब्राझीलला जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरानी ब्राझिलियन जुजुत्सूच्या एलिओ ग्रेसीचा हात ज्या लॉकनी अडकवला तो ज्युदोत आधीपासून होताच, पण किमुरानी तो असा काही वापरला की ब्राझिलियन जुजुत्सूवाले आजही त्या लॉकला किमुराच म्हणतात, आणि हरवणाऱ्याचं नाव डावाला देणं हा दिलदारपणा मला फार आवडतो. शोतोकान कराटेतले ते लांब, खोल स्टान्स घ्या, ओकिनावाच्या जुन्या कराटेत उभं राहणं बरंच उंच आणि आखूड होतं, हा बदल मुख्यतः शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांचा मुलगा योशिताका यानी आणला असं मानलं जातं. आज एखाद्या मुलाचा स्टान्स चार बोटं वर राहिला तर 'चुकलं' म्हणून मार्क कापतात. म्हणजे कोच जे शिकवतो त्यात थोडं तत्त्व असतं, थोडं टेक्निक, आणि थोडी त्याच्या कोचच्या दुखऱ्या गुडघ्याचीही भर असते, आणि हे तिन्ही एकाच दमात, एकाच ठाम आवाजात शिकवलं जातं. म्हणून "असं का?" विचारणारा विद्यार्थी उद्धट नसतो. पण विचारायचं करून बघितल्यावर, करायच्या आधी नाही.

जपानमध्ये शु-हा-री म्हणून तीन पायऱ्या सांगतात, आधी नियम पाळा, मग मोडून बघा, मग त्याच्या पलीकडे जा. हे इतकं वापरून गुळगुळीत झालंय की सांगावंसं वाटत नाही, पण त्यात एक गैरसमज आहे तेवढा काढतो. लोक समजतात आख्खा माणूस एका पायरीवर असतो, पहिली पाच वर्षं शु, मग हा वगैरे. तसं नसतं. एकच माणूस जॅबमध्ये तिसऱ्या पायरीवर आणि कुस्तीच्या पकडीत पहिल्या पायरीवर असू शकतो, आणि बहुतेक जण असतातच. घोटाळा तिथे होतो जिथे जॅबमधली मस्ती पकडीत आणली जाते.

ब्रूस लीचं नाव या विषयात येणारच, त्यामुळे घेऊन टाकतो. त्याच्या नावावर 'नियम सोडा, स्वतःला शोधा' असं काहीही खपवलं जातं. प्रत्यक्षात हा माणूस आधी हाँगकाँगमध्ये इप मॅनकडे विंग चुन हा कुंग फूचा प्रकार शिकलेला, आणि 1967 मध्ये स्वतःच्या पद्धतीला जीत कुन डो हे नाव देईपर्यंत बॉक्सिंग आणि तलवारबाजी वहीत उतरवून काढलेला. तो उजव्या हाताचा असून उजवा हात पुढे ठेवून उभा राहायचा, बॉक्सिंगमध्ये बरोबर उलटं करतात. का? तर तलवारबाजीत हत्याराचा हात पुढे असतो कारण तो टार्गेटच्या सगळ्यात जवळ असतो (त्याचा भाऊ पीटर तलवारबाजी करायचा). यातली उधारी म्हणजे मागून येणारा जोरदार पंच कमजोर हाताकडे गेला, फेड म्हणजे सगळ्यात वेगवान हात सगळ्यात जवळ आला. पटो न पटो, त्याच्याकडे हिशोब होता.

आता मोठं व्हायची गोष्ट, म्हणजे नुसतं चांगलं नाही, इतिहासात नाव राहील असं. त्यासाठी मला रॉय जोन्स आणि बर्नार्ड हॉपकिन्स ही बॉक्सरांची जोडी सगळ्यात जास्त शिकवून जाते. जोन्स म्हणजे निव्वळ वेग, जॅब टाळून थेट उडी मारून हुक, कधी हात पाठीमागे बांधून चेहरा पुढे. हॉपकिन्स म्हणजे हनुवटी खाली, खांदा वर, जागा मोजून मारायचं आणि मिठी मारून गळपटवायचं. 1993 मध्ये जोन्सनी हॉपकिन्सला हरवलं, पुढची दहा वर्षं त्याला धड कोणी हातही लावू शकलं नाही, 2003 मध्ये तर मिडलवेटपासून (मधल्या वजनगटापासून) सुरुवात केलेला हा माणूस हेवीवेटचा किताबही जिंकला. मग मे 2004 ला 35 व्या वर्षी अँटोनियो टार्व्हरच्या एका डाव्या हातानी दुसऱ्याच राउंडला खाली, आणि काही महिन्यांत पुन्हा नॉकआउट. वेगावर घेतलेली उधारी वेग एक कणभर कमी झाला की एकदम वसूल होते. हॉपकिन्स त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. तो 49 व्या वर्षीही, 2014 मध्ये, वर्ल्ड टायटल राखून होता, आणि मधे 2010 ला जोन्सशी पुन्हा भिडला तेव्हा जिंकलाही, फाइट मात्र बघवत नव्हती.

यावरून बेसिकवाले लगेच उड्या मारतील की बघा आम्ही म्हणत होतो. थांबा जरा. जोन्सची ती दहा वर्षं तितकीच खरी आहेत, त्या काळात हॉपकिन्सला जे जमणं शक्य नव्हतं ते तो करत होता, आणि त्याला 'नीट' उभं करून जॅब मारायला लावलं असतं तर एक बरा बॉक्सर मिळाला असता आणि एक अजब बॉक्सर हरवला असता. शिवाय हॉपकिन्सची ती शिस्त हीसुद्धा स्टाईलच आहे, चिडका, संशयी, एक इंच फुकट न देणारा स्वभाव तिच्यात ठासून भरलाय. दोघंही मोठे. फक्त एकानी तारुण्य तारण ठेवलं होतं, दुसऱ्यानी काहीच ठेवलं नव्हतं, आणि हा निर्णय विशीत घेताना कोणालाच पुढचं दिसत नसतं.

मग स्वतःचं काय ते कसं तपासायचं? एक म्हणजे तुम्ही जे वेगळं करता त्याचं पुस्तकातलं रूप सांगितल्याबरोबर करून दाखवता येतं का ते बघा, येत नसेल तर तुम्ही काही निवडलेलंच नाहीये, तुमच्याकडे पर्यायच नाही. दुसरं, ते अनोळखी माणसावर चालतं का, कारण क्लासमधल्या पोरांना तुमची सवय झालेली असते आणि तुम्हाला त्यांची. आणि स्पारिंगचा व्हिडिओ काढत असाल तर पहिला राउंड सोडून द्या, तिथे सगळेच हिरो असतात. शेवटचा बघा, श्वास संपल्यावर हात कुठे जातायत, पाय फिरतायत का नुसते उभे आहेत, आणि दर वेळी मार एकाच बाजूनी येतोय का. एकाच बाजूनी येत असेल तर पुढचा महिनाभर हलकं स्पारिंग फक्त तीच बाजू झाकून करा, तुमचा लाडका डाव तेवढ्यापुरता बंद ठेवून, आणि कोचला सांगून ठेवा की हात खाली आला की ओरडा म्हणून.